एस्पोझितो: नेपल्सच्या घराघरांतले एक आडनाव

दक्षिण इटलीत, त्यातही नेपल्स आणि आसपासच्या कांपानिया प्रांतात, एस्पोझितो हे आडनाव पावलोपावली भेटते. रूसो, फेरारी, रोस्सी यांच्या बरोबरीने ते देशातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत मोडते. एवढी माणसे एकाच मूळपुरुषाची असतील असे वाटेल, पण या आडनावाला मूळपुरुषच नाही. त्याचा उगम एका अनाथालयाच्या नोंदवहीत आहे.

लॅटिनमधल्या ‘एक्सपोझितुस’चा अर्थ उघड्यावर ठेवलेला, म्हणजे टाकून दिलेला. नेपल्समधली आनुन्त्सियाता ही टाकून दिलेल्या मुलांना सांभाळणारी संस्था 14व्या शतकातली. तिच्या भिंतीत पुढे एक फिरते लाकडी पिंप बसवले गेले; त्याला ‘रुओता’, म्हणजे चाक, म्हणत. बाहेरून कोणी मूल त्यात ठेवायचे, पिंप फिरवायचे आणि निघून जायचे. आतली बाई मुलाला उचलून घ्यायची. ठेवणारा कोण, हे तिला दिसत नसे. सगळी रचना त्यासाठीच होती. कुमारी मातांची बदनामी हे एक कारण. दुसरे निव्वळ दारिद्र्य, कारण लग्नाच्या जोडप्यांचीही कितीतरी मुले तिथे पोहोचत. नोंदवहीत मुलाच्या अंगावरचे कपडे, सोबतची एखादी खूण असा तपशील लिहिला जाई. आडनावाच्या जागी मात्र एकच शब्द पडे, एस्पोझितो. गावकरी या मुलांना ‘मादोन्नाची लेकरे’ म्हणत, हे त्यातल्या त्यात मायेचे.

यातली पुष्कळ मुले तान्हेपणीच दगावत. तरीही हा ओघ शतकानुशतके चालू राहिला, म्हणून जगलेल्यांचीच संख्या प्रचंड झाली. एकमेकांशी काहीही नाते नसलेली हजारो घराणी एका नावाखाली आली ती अशी.

इतर शहरांनी वेगळी नावे लावली. फ्लॉरेन्समध्ये 1445 साली सुरू झालेल्या, ब्रुनेलेस्कीने आराखडा केलेल्या अनाथालयावरून इन्नोचेंती आले. रोमकडे प्रोएत्ती. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हात कबुतर, म्हणजे इटालियनमध्ये ‘कोलोंबो’, होते, म्हणून तिथे कोलोंबो. (श्रीलंकेतल्या कोलंबो शहराशी याचा संबंध नाही. अमेरिकेला पोहोचलेला जिनोआचा कोलंबस त्याच आडनावाचा, पण विणकराचा मुलगा. प्रत्येक कोलोंबो अनाथालयातला नसतो.)

19व्या शतकाच्या आरंभी नेपल्सवर नेपोलियनचा मेहुणा मुरात राज्य करत होता. जन्माचा शिक्का आयुष्यभर मिरवावा लागू नये म्हणून त्याच्या काळात या मुलांना एस्पोझितो नाव देणे थांबवण्यात आले. मग कारकुनांनी मनाला येईल ती नवी आडनावे रचायला सुरुवात केली. पण आधीच रुजलेले नाव गेले नाही. नेपल्सचे चाक 1875 मध्ये बंद झाले, इटलीतली उरलीसुरली चाके 1923 मध्ये कायद्याने.

तोवर स्थलांतरितांबरोबर हे आडनाव अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिनात पोहोचले होते. तिथले वंशज आज पूर्वजांचा शोध घेत नेपल्सला येतात. धागा अनेकदा आनुन्त्सियाताच्या वहीपर्यंत जातो. आई-बापाचा रकाना तिथे कोराच असतो.