तासाला शंभर किलो पेट्रोल: एफ-वनचं इंजिन आणि पिटमधले डाव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणासमोर इंजिन ठेवलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती सीसी?’ आणि दुसरा, ‘ॲव्हरेज काय?’ फॉर्म्युला वनच्या गाडीला हेच विचारलं तर पहिलं उत्तर फसवं आहे आणि दुसरं ऐकून हसू येईल. सीसी १६००, म्हणजे एखाद्या साध्या सेडानइतकी. ॲव्हरेज लिटरला जेमतेम दोन किलोमीटर. तरीही २०१४ ते २०२५ या काळातल्या नियमांत या सहा सिलिंडरच्या टर्बो इंजिनातून आठशेच्या आसपास अश्वशक्ती निघत होती, विजेची मोटर वेगळीच.

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कास्टिंग हाताळणाऱ्याला वाटेल, धातूच काहीतरी जगावेगळा असणार. तसं नाही. ब्लॉक आणि हेड ॲल्युमिनियमच्या नाहीतर लोखंडाच्या मिश्रधातूचेच हवेत, क्रँकशाफ्ट लोखंडी मिश्रधातूचाच हवा, असं नियमच सांगत होता. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिलिमीटर ठरवून दिलेला, म्हणजे स्ट्रोक (पिस्टनची धाव) हिशेबानेच ५३ मिलिमीटरच्या आसपास येतो. दोन्ही बाजूंच्या सिलिंडरमधला कोनही ठरलेला, ९० अंश. मग इंजिन बनवणाऱ्याच्या हातात उरतं काय? जळण.

खरी मेख तिथेच होती. इंजिनात तासाला १०० किलोपेक्षा जास्त पेट्रोल जाता कामा नये. ही मर्यादा १०,५०० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) गाठायची. त्याखाली आरपीएम कमी तसा प्रवाहही कमी. इंजिन १५,००० आरपीएमपर्यंत फिरवायला परवानगी होती, पण तिथपर्यंत कुणी जात नसे. १०,५०० नंतर पेट्रोल तेवढंच मिळतं आणि घर्षण मात्र वाढत जातं, मग उगाच आरडाओरडा कशाला? बाराएक हजारांच्या सुमारास चालक वरचा गिअर टाकून मोकळे.

आता हिशेब मांडू. पेट्रोलच्या एका किलोत सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते. तासाला १०० किलो म्हणजे ४,३०० मेगाज्यूल, म्हणजेच जवळपास १,२०० किलोवॅट. त्यातला निम्मा भाग चाकांकडे वळवता आला तर ६०० किलोवॅट, साधारण ८०० अश्वशक्ती. मर्सिडीजने २०१७ मध्ये टेस्ट बेंचवर ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडल्याचं जाहीर केलं तेव्हा इंजिनवाल्यांचे कान टवकारले ते यामुळेच. रस्त्यावरची चांगली पेट्रोल इंजिनं चाळिशीच्या आसपास थांबतात. पेट्रोल सगळ्यांना सारखंच मिळत असेल, तर जो कमी उष्णता वाया घालवतो तो पुढे.

नियम मोडला तर काय होतं, हे पहिल्याच शर्यतीत दिसलं. २०१४ मध्ये मेलबर्नला डॅनियल रिकार्डो दुसरा आला, पण प्रवाह सातत्याने शंभराच्या वर गेल्याचं मीटरने दाखवलं आणि त्याला बाद केलं. आमच्या इंजेक्टरचं गणित वेगळं आकडे दाखवतं, असा संघाचा दावा होता. पण वजनकाटा दुकानदाराचा चालतो, गिऱ्हाइकाने घरून आणलेला नव्हे.

प्रवाहाला मर्यादा, तशी साठ्यालाही. २०१० पासून शर्यतीच्या मध्ये पेट्रोल भरायला बंदी आहे आणि २०१९ पासून पूर्ण शर्यतीसाठी ११० किलोची कमाल मर्यादा होती. गंमत अशी की संघ बऱ्याचदा तेवढंही भरत नसत. दहा किलो जादा वजन म्हणजे लॅपमागे (ट्रॅकच्या एका फेरीमागे) सुमारे ०.३ सेकंदाचा तोटा. त्यापेक्षा थोडं कमी भरायचं, सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना सावकाश चालायला लावणारी गाडी) आली तर आपोआप बचत होईल अशी आशा धरायची, आणि नाहीच आली तर चालकाला रेडिओवर सांगायचं की वळणाआधी ब्रेकच्या जागेपासून थोडं अलीकडेच थ्रॉटल सोड. घाटात उतारावर पाय उचलून जाणाऱ्या ट्रकचालकाला ही युक्ती शिकवावी लागत नाही. मात्र टाकी अगदी कोरडी करूनही चालत नाही, तपासणीसाठी एक लिटर उरायलाच हवं. २०२१ मध्ये हंगेरीत सेबास्टियन वेटेलच्या गाडीतून जेमतेम ०.३ लिटर निघालं आणि त्याचा दुसरा क्रमांक गेला.

२०२६ च्या नियमांत वजनाचा प्रवाह जाऊन ऊर्जेचा प्रवाह आला: तासाला ३,००० मेगाज्यूल. हा बदल का केला, हे साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात चटकन कळेल. इथेनॉलच्या एका किलोत सुमारे २७ मेगाज्यूलच असतात. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं, किलोची मर्यादा मात्र तीच राहिली, त्यामुळे प्रत्येक किलोमागे इंजिनाच्या पोटात कमी ऊर्जा पडू लागली. आता इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांतलं हवं आणि कंपन्यांची मिश्रणं वेगवेगळी आहेत, तेव्हा किलोत मोजण्याला अर्थच उरला नाही. उसाच्या रसाचं इथेनॉल मात्र यात चालत नाही. अन्नपिकाऐवजी शेतीतला टाकाऊ भाग, उदाहरणार्थ बगॅस (उसाचा चोथा), चालू शकतो.

इंजिनाचा वाटा घटला तसा मोटरचा वाढला. आधी ती १२० किलोवॅटची होती, आता ३५०. बॅटरीतून एका दमात वापरता येणारी ऊर्जा मात्र ४ मेगाज्यूलच, म्हणजे पूर्ण जोर लावला तर साडेअकरा सेकंदांत खेळ खलास. त्यात ताशी २९० किलोमीटरच्या पुढे मोटरचा जोर उतरत जातो आणि ३४५ ला शून्य होतो. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असणाऱ्याला सवलत मिळते: त्याचा जोर ३३७ पर्यंत पूर्ण टिकतो. बॅटरी कुठल्या सरळ पट्ट्यावर खर्चायची आणि कुठे ब्रेक लावून पुन्हा भरायची, यावरच ओव्हरटेक ठरतो. चुकीच्या जागी संपवली तर पुढचा सरळ पट्टा प्रतिस्पर्ध्याला आंदण.

इंजिनांच्या संख्येलाही मोजदाद आहे. २०२५ मध्ये २४ शर्यतींसाठी प्रत्येक चालकाला चार इंजिनं होती. पाचवं घेतलं की सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे, सहावं घेतलं तर पाच जागा. मग संघ हिशेब करतात की शिक्षा भोगायची तर कुठे? मोनॅकोत ओव्हरटेक जवळपास अशक्य, तिथे कुणी हा मूर्खपणा करत नाही. २०२१ मध्ये ब्राझीलला लुईस हॅमिल्टनने नवं इंजिन घेऊन पाच जागांची शिक्षा पत्करली, मुख्य शर्यत दहाव्या जागेवरून सुरू केली आणि जिंकली. जुन्या इंजिनाची शक्ती झिजेने घटलेली असते, ताज्या इंजिनाचा फायदा शिक्षेपेक्षा मोठा ठरला.

पिटमधला, म्हणजे ट्रॅकशेजारी टायर बदलायच्या जागेतला, सगळ्यात जुना डाव म्हणजे अंडरकट. समजा, तुम्ही पुढच्या गाडीच्या दीड सेकंद मागे आहात. तुम्ही आधी पिटमध्ये जाता, नवे टायर घालता आणि बाहेर पडून एका लॅपमध्ये दोन सेकंद कमावता. पुढचा चालक पुढच्या लॅपला आत जाऊन येतो तोवर तुम्ही अर्धा सेकंद पुढे! टायर बदलायला दोन-अडीच सेकंदच लागतात (मॅकलरेनने २०२३ मध्ये कतारला १.८ सेकंदांत काम उरकलं होतं), पण पिटच्या गल्लीत ताशी ८० ची मर्यादा असल्यामुळे एकूण वीसेक सेकंद जातात. बाहेर पडताना एखादी संथ गाडी आडवी आली, किंवा थंड टायरची पकड आलीच नाही, की डाव अंगावर उलटतो.

हा डाव स्वतःच्याच माणसावरही पडू शकतो. २०२४ मध्ये हंगेरीत मॅकलरेनने मागून येणाऱ्या हॅमिल्टनच्या धास्तीने दुसऱ्या क्रमांकावरच्या लँडो नॉरिसला आधी पिटमध्ये घेतलं, ४५ व्या लॅपला. पहिल्या क्रमांकावरचा ऑस्कर पियास्त्री ४७ व्या लॅपला आत जाऊन आला तेव्हा नॉरिस पुढे निघून गेला होता. मग रेडिओवर बराच वेळ विनवण्या. शेवटी शर्यत संपायला थोडेच लॅप उरले असताना नॉरिसने जागा सोडली. पिटमध्ये बोलवायचा क्रम बदलला असता तर ही वेळच आली नसती.

इंधन, टायर आणि नियम यांची सगळ्यात कडवी गाठ पडली ती २०२४ मध्येच बेल्जियमला. आघाडीचे बहुतेक जण दोनदा पिटमध्ये गेले, जॉर्ज रसेल एकदाच गेला आणि पहिला आला. झिजलेल्या टायरमधून मिळून काही किलो रबर कमी होतं. इतर ट्रॅकवर चालक शर्यतीनंतरच्या सावकाश लॅपमध्ये रस्त्यावर पडलेलं रबर टायरला चिकटवून घेतात आणि वजन थोडं भरून काढतात. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर हा लॅप नसतो, गाड्या पहिल्या वळणापाशीच मागे फिरतात. टाकी रिकामी करून गाडी काट्यावर ठेवली. किमान ७९८ किलो हवे होते, भरले ७९६.५. दीड किलोसाठी विजय हॅमिल्टनकडे गेला.