ग्रामीण टपाल व्यवस्था (नागपूर जिल्हा)

नागपूर शहराबाहेरच्या तालुक्यांतून पत्रे, मनीऑर्डरी, पार्सले आणि बचत खात्यांचे व्यवहार गावोगावी पोचविणारी, मुख्यतः शाखा डाकघरांवर (गावपातळीवरच्या छोट्या डाकघरांवर) उभी असलेली व्यवस्था. टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलच्या नागपूर क्षेत्रात ती मोडते. शहराचा कारभार शहर विभागाकडे, तर ग्रामीण भागाचा मोफसिल विभागाकडे आहे. हा ‘मोफसिल’ शब्द कचेऱ्यांतून जवळपास हद्दपार झाला, पण टपाल खात्याने तो अजून सांभाळला आहे.

नाव : या भागात एकाच गोष्टीला टपाल, डाक आणि पोस्ट अशी तीन नावे चालतात. कचेरीत ‘आवक-जावक टपाल’ असते, पाटीवर ‘डाकघर’ लिहिलेले असते आणि माणूस निघतो तो ‘पोस्टात जाऊन येतो’ म्हणून. ‘डाक’ हा उत्तरेकडचा शब्द असून माणसांच्या वा घोड्यांच्या मजल-दरमजल बदलीने होणारी वाहतूक हा त्याचा जुना अर्थ होय. काही अभ्यासक त्याचा संबंध ‘हाक मारणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी लावतात. ‘टपाल’ दक्षिणेत आणि पश्चिमेत चालतो. त्याच्या उगमाविषयी एकोणिसाव्या शतकापासून मतभेद आहेत. तेलुगूचे इंग्रज कोशकार सी. पी. ब्राउन यांनी तो फ्रेंच ‘एताप’ (मुक्काम, मजल) या शब्दाशी जोडून पाहिला. अठराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी कागदपत्रांत ‘टप्पा’ असेही रूप आढळते. तेलुगू कारकुनांनी ‘टप्पालु’ हे अनेकवचन समजून त्याचे एकवचन ‘टप्पा’ असे पाडले असावे, असा ब्राउन यांचा खुलासा आहे. भारतीय भाषांचे इंग्रज अभ्यासक जॉन बीम्स यांनी मात्र शब्दाचे मूळ आर्य भाषांत मानले. ठोकणे, दाबणे या अर्थाच्या धातूंशी ‘टप्पा’ जोडून त्यापुढे ‘आलय’ लावायचे, म्हणजे पत्रांवर शिक्के मारण्याची जागा, अशी त्यांची फोड आहे. ही फोड सुबक असली तरी पटण्याजोगी नाही. धावत्या माणसांची साखळी आधीची आहे, पत्रावर शिक्का मारण्याची रीत त्यामानाने बरीच अलीकडची. मराठीत ‘टप्पा’ म्हणजे मजलेचा एक तुकडा हा अर्थ आजही जिवंत आहे. त्यामुळे शब्द कोणत्याही भाषेतून आलेला असो, त्याची सोयरीक शिक्क्यापेक्षा मजलेशी जुळते असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. नागपूर हा मराठी आणि हिंदी मुलखांच्या शिवेवरचा जिल्हा असल्याने दोन्ही शब्द येथे शेजारी शेजारी नांदले.

भोसलेकाळ : नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात बातमी आणि सरकारी कागद नेण्याचे काम जासूद व हरकारे करीत. सामान्य रयतेची पत्रे वाटसरू, व्यापारी आणि यात्रेकरू यांच्या हातून जात, पैसा हुंडीने जाई. कंपनी सरकारला कलकत्ता आणि मुंबई यांना जोडणारी वाट भोसल्यांच्या मुलखातूनच सोयीची होती. त्यामुळे डाक जाऊ देण्याचा प्रश्न दोन्ही दरबारांतील राजकारणाचा भाग झाला. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर रेसिडेन्सीची डाक स्थिरावली आणि १८२१ च्या सुमारास वसलेल्या कामठीच्या छावणीमुळे लष्करी टपालाची भर पडली.

जिल्हा डाक : १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून अंतर न पाहता केवळ वजनावर आकारणी करणारा एकसमान दर हिंदुस्थानभर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा पडे. तिकीट न लावलेल्या ‘बैरंग’ पत्राला दुप्पट पैसे मोजावे लागत, तेही घेणाऱ्याला. मात्र हे सरकारी टपाल मोठ्या गावांपुरतेच होते. तालुक्याच्या ठिकाणाहून ठाण्यापर्यंत आणि ठाण्यापासून खेड्यापर्यंतचे काम ‘जिल्हा डाक’ नावाची वेगळी व्यवस्था करीत असे. तिचा खर्च टपाल खाते उचलत नसे, तो स्थानिक पट्टीतून निघे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर जमाबंदीत मालगुजारांवर (गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या जमीनमालकांवर) रस्ते, शाळा यांच्याबरोबर डाकेसाठीही उपकर बसविण्यात आला. पत्रे वाहून नेण्यास पोलीस शिपायांचा आणि गावच्या कोतवालांचा उपयोग होई.

या व्यवस्थेचे मूळ कोठे शोधावे, यावर दोन मते संभवतात. जमीनदाराने सरकारी निरोप पुढे पोचवावा हे जुने वतनी कर्तव्य होते आणि इंग्रजांनी त्याला फक्त पट्टीचे रूप दिले, हे एक मत. दुसरे असे, की ठाण्यांच्या डाकेचा भार जमीनदारांवर टाकण्याची पद्धत कंपनीने बंगालमध्ये घडविली, १८६२ च्या कायद्याने तिला नीट चौकट मिळाली आणि हाच नमुना इतर प्रांतांत गेला. नागपुरापुरते पाहिल्यास मालगुजार हा हक्कदार वर्गच मुळात जमाबंदीने पक्का केला होता. त्यामुळे त्याच्याकडून वसूल होणारा डाकेचा पैसा भोसल्यांच्या वारशापेक्षा प्रांतिक कारभाराचे अपत्य मानणे अधिक बरोबर दिसते. १९०६ च्या सुमारास जिल्हा डाक देशभर मोडीत निघाली आणि तिची कार्यालये व माणसे टपाल खात्याने आपल्याकडे घेतली.

वाहतूक : रेल्वेपूर्वी नागपूरचे मुख्य टपालमार्ग शिवनीवरून जबलपूरकडे, रायपूरकडे, चांद्याकडे आणि वऱ्हाडातून मुंबईकडे जात. रनर हातात घुंगरू लावलेला बल्लम घेऊन साधारण पाच-सहा मैलांचा टप्पा धावत असे. घुंगरांचा आवाज जनावरांना पळवून लावण्यासाठी असे म्हणतात, पण पुढच्या चौकीवरच्या गड्याला तयार राहण्याची सूचनाही त्यातूनच मिळे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची गाडी नागपुरास आली आणि मुंबईचे टपाल रुळांवर गेले. चालत्या गाडीत पत्रे छाटण्याची रेल्वे मेल सेवाही (आरएमएस) पुढे या मार्गांवर आली. नागपूरचा आरएमएस ‘एफ’ विभाग हा तिचा आजचा अवशेष होय. लोहमार्गापासून दूर असलेल्या गावांत मात्र रनरच राहिला. त्याची जागा पुढे सायकलने आणि एसटीच्या गाडीत टाकलेल्या थैलीने घेतली. पावसाळ्यात कन्हान, पेंच यांना पूर आला की थैली अलीकडच्या काठावर अडकून राही.

सेवांचा विस्तार : १८७९ मध्ये एक पैशाचे पोस्टकार्ड, १८८० मध्ये मनीऑर्डर आणि १८८२ मध्ये बचत बँक सुरू झाली. खेड्याच्या दृष्टीने तिन्हींत मनीऑर्डर मोलाची. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाल्यानंतर नागपुरात गिरणी कामगारांची वस्ती वाढली, आणि शहरात कमावलेला पैसा गावी पाठविण्याचा खात्रीचा मार्ग मनीऑर्डरीने दिला. पोस्टमन पैसे मोजून देई, अंगठा घेई आणि कुपनावरच्या दोन ओळीही वाचून दाखवी. पोस्टकार्ड उघडे असल्याने त्यातला मजकूर पत्त्यावरच्या माणसाआधी अर्ध्या गावाला कळे, याची फारशी तक्रार कोणी करीत नसे. मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. असे कार्ड घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडून टाकत.

प्रायोगिक कार्यालये : नव्या गावात डाकघर उघडताना ते आधी प्रायोगिक म्हणून चालविण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होती. अशा कार्यालयाच्या शिक्क्यात गावाचे नाव नसे. ‘प्रायोगिक डाकघर’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे, सर्कलदर्शक अक्षर आणि क्रमांक एवढेच असे. उत्पन्न पुरेसे दिसले तर कार्यालय कायम होऊन त्याला नावाचा शिक्का मिळे, नाहीतर ते बंद होई आणि तोच क्रमांक दुसऱ्या गावाकडे जाऊ शके. त्यामुळे केवळ शिक्क्यावरून गाव ओळखणे धोक्याचे ठरते. टपालतिकिटांच्या संग्राहकांनी जुळविलेल्या याद्या वापरताना हे ध्यानात ठेवावे. गाव टपालाच्या नकाशावर आले तरी काही काळ ते आकडाच असे, ही बाब प्रशासकीय इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ डाकघरे होती, त्यांपैकी १९,१८४ ग्रामीण होती. पहिले दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या काळात ग्रामीण डाकघरांची संख्या झपाट्याने वाढू लागली. याच काळात नागपूर टपालाच्या दृष्टीने देशाचा मध्य ठरले. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ही सेवा थांबली. दिल्लीचे पत्र मद्रासला जाताना नागपूरच्या धावपट्टीवर तासाभरात हात बदलून जाई. त्याच जिल्ह्यातल्या आडगावांना मात्र पोस्टमनच्या ‘बीट’च्या (ठरलेल्या फेरीच्या) दिवसाची किंवा आठवडी बाजाराची वाट पाहावी लागे.

विभागबाह्य सेवक : ग्रामीण टपालाचा खरा कणा म्हणजे खात्याचे पूर्ण नोकर नसलेले लोक. शाळामास्तर, दुकानदार, निवृत्त सरकारी नोकर यांनी आपल्या घरात वा दुकानात थोड्या मोबदल्यावर डाकघर चालवावे, ही प्रथा काही जण थेट १८५४ पर्यंत मागे नेतात. इतरांच्या मते ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गावशाळा वाढल्यावर रुजली. प्रथा जुनी आणि तिचे नियमन नवे, असे समजल्यास दोन्ही मतांना जागा राहते. या सेवकांच्या वर्तणूक व सेवाशर्तींचे नियम १९६४ मध्ये निघाले. १९७७ मध्ये पी. के. राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विभागबाह्य सेवक शासनाखालील ‘नागरी पद’ धारण करतात, म्हणून संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण त्यांना लागू होते, असा निर्णय दिला. मात्र त्याच निर्णयाने हे पद नियमित नागरी सेवांच्या बाहेरचे असल्याचेही मान्य केले. पुढचे बहुतेक वाद या दुहेरी स्थितीतून निघाले : हकालपट्टीपासून संरक्षण आहे, पण वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन नियमित नोकरासारखे नाही. २००१ मध्ये त्यांना ‘ग्रामीण डाक सेवक’ हे नाव मिळाले. या सेवकांच्या मोबदल्याचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनंतर १ जुलै २०१८ पासून सुधारित भत्ता लागू झाला. त्यात चार तासांच्या कामासाठी शाखा डाकपालाला किमान १२,००० आणि सहायक शाखा डाकपालाला १०,००० रुपये ठरले. डाकपालाने जागा स्वतः द्यावी आणि उपजीविकेचे दुसरे साधनही बाळगावे, ही अपेक्षा जुनीच आहे. जिल्हा डाकेच्या काळी मालगुजाराच्या पट्टीवर चाललेले काम नंतर डाकपालाच्या ओसरीवर चालले, एवढाच फरक, असे म्हणण्याचा मोह होतो.

शाखा डाकघर उघडण्यासाठी सर्वसाधारण भागात गावसमूहाची लोकसंख्या ३,००० आणि जवळच्या डाकघरापासून अंतर ३ किलोमीटर हे निकष आहेत. डोंगरी व आदिवासी भागांत लोकसंख्येची अट शिथिल होते. २०१० च्या दशकात शाखा डाकघरांत ‘दर्पण’ या संगणकीकरण प्रकल्पाची हातयंत्रे आली आणि २०१८ मध्ये टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली होती.

पत्ता आणि पिनकोड : मराठी पत्त्यातील ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम व पोस्ट एकच. ज्या गावात डाकघर नाही तेथे ‘मु.’ एक आणि ‘पो.’ दुसरे लिहावे लागते. गावात डाकघर आले की पत्त्यातला हा दुसरा शब्द गळे, आणि तो गळणे हीच गावाच्या बढतीची खूण समजली जाई. १५ ऑगस्ट १९७२ पासून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत लागू झाली. नागपूर शहराला ४४० आणि ग्रामीण भागाला ४४१ हे पहिले तीन अंक मिळाले : रामटेक ४४११०६, काटोल ४४१३०२, उमरेड ४४१२०३. हे अंक महसुली जिल्ह्याच्या सीमा पाळत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्याचे बहुतेक पिनकोड ४४२ पासून सुरू होतात. पण त्याच जिल्ह्यातील नागभीड ४४१२०५ आणि ब्रह्मपुरी ४४१२०६ उमरेडच्याच गटात पडतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी नॅरोगेज सुरू झाली होती. ती २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, पण तिच्या वाटेवरच्या गावांची ओळ पिनकोडच्या अंकांत अजून तशीच लागलेली आहे.