‘होतो’ आणि ‘हॅड’

दाभोळच्या धक्क्यावरून धोपाव्याची फेरीबोट सुटायला आली की कोणीतरी स्कूटर दामटत ओरडतोच, “आलो, आलो!” तो आलेला नसतो, चांगला शंभर पावलं लांब असतो. तरी क्रियापद भूतकाळाचं, आणि खलाशी थांबतो.

व्याकरणातला काळ घड्याळाप्रमाणे चालत नाही, तो असा. इंग्रजीही काही सरळ नाही. ‘द फेरी लीव्हज ॲट सिक्स’ यात रूप वर्तमानाचं, बोट सुटायची अजून. आपल्या ‘जाईल’सारखं भविष्याचं स्वतंत्र रूप तर इंग्रजी क्रियापदाला नाहीच, तिथे ‘विल’ला मदतीला बोलवावं लागतं.

मी गुहागरकडे इंग्रजी शिकवतो. सुट्टी संपली की एक वाक्य हमखास कानावर येतं: “सर, येस्टरडे आय हॅड गॉन टू दाभोळ.” इंग्रजीत इथे साधं ‘वेंट’ हवं, म्हणून कितीतरी वर्षं मी याला निष्काळजीपणा समजून लाल शाई ओढत होतो. मुलाचं मराठी मात्र त्यात अगदी चोख असतं.

हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 साली काळाचं गणित तीन बिंदूंवर मांडलं: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ आणि आपण मनाने जिथे उभे राहून घटनेकडे पाहतो ती वेळ. ‘व्हेन आय रीच्ड द जेटी, द फेरी हॅड लेफ्ट.’ बोलतोय आता, घरी बसून. बोट सुटली सहाला. मी धक्क्यावर पोचलो सहा दहाला, आणि बोटीची पाठ पाहतोय ती तिथून. ‘हॅड’ला हा मधला धक्का लागतो. ‘आय हॅव लॉस्ट माय तिकीट’मध्ये पाहण्याची जागा म्हणजे आत्ताचा क्षण, म्हणूनच तिथे ‘येस्टरडे’ खपत नाही.

आता मराठी ऐका. “बाबा दाभोळला गेले” म्हटलं तर ते अजून तिकडेच असतील. “गेले होते” म्हटलं की परत आले, विषय संपला. आपल्या ‘होते’ला दुसरी घटना लागेलच असं नाही. पोर ‘हॅड’ लावून ‘जाऊन आलो’ एवढंच सांगत असतं, आणि इंग्रजीच्या साध्या ‘वेंट’मध्ये ती बातमी मावत नाही.

शब्दक्रमाचा घोळ त्या मानाने लवकर सुटतो. ‘मासा मांजराने खाल्ला’ असं उलटं म्हटलं तरी ‘ने’ मांजराला सोडत नाही. इंग्रजीत नामांना असा प्रत्यय नाही. जागा बदलली की मासाच मांजर खातो.

उभयान्वयी अव्ययं जास्त चिवट. ‘दो इट वॉज रेनिंग, बट द बोट केम.’ आपल्याकडे ‘जरी’ आला की पाठोपाठ ‘तरी’ येणारच. इंग्रजीत ‘दो’ने एक वाक्य दुसऱ्याच्या हाताखाली दिलेलं असतं, तर ‘बट’ दोघांना बरोबरीने बसवतो. दोन्ही घातले की मुख्य वाक्य कोणतं तेच कळेना. चिनी भाषेतही अशी जोडी आहे, त्यामुळे तिकडची मुलंही नेमकी हीच चूक करतात. हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

‘हॅड’वर हल्ली मी रेघ ओढत नाही. समासात लिहितो, ‘कशाच्या आधी?’ परवा एकाने खाली उत्तर दिलं: ‘बिफोर युवर क्लास, सर.’