ग्रामसभा व गावकामांचे ठराव (नागपूर जिल्हा)

गावाच्या मतदार यादीत ज्यांचे नाव आहे त्या सर्वांची मिळून जी सभा बनते ती ग्रामसभा. ग्रामपंचायत निवडून येते, तिची मुदत पाच वर्षांनी संपते. ग्रामसभेला ना निवडणूक असते ना मुदत. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. राज्यातील कारभार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे चालतो. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. नागपूर शहर तालुका सोडला तर उरलेल्या १३ तालुक्यांत पंचायत समित्या आहेत. काटोल-नरखेडचा संत्रापट्टा, उमरेड-सावनेरचा कोळसापट्टा, रामटेक-पारशिवनीचे जंगल आणि शहराला लागून वाढणारी हिंगणा-कामठीकडची गावे यांचे प्रश्न एकसारखे नाहीत. त्यामुळे वर्षाला तेच चार विषय छापून फिरणारी विषयपत्रिका कोणत्याच गावाच्या उपयोगाची नसते.

सभा भरते कशी

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी किंवा त्यांच्या मागेपुढे भरतात. साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी आणि विशेष सभेची चार दिवस आधी निघते. नोटीस फलकावर लागते, कोतवाल दवंडी देतो, आता व्हॉट्सॲपवरही फिरते. पण व्हॉट्सॲप म्हणजे नोटीस नव्हे. नियमित सभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि तिथले ठराव मुख्य सभेत वाचावे लागतात. ही सभा कागदावरच उरकली जाते अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्याचे नुकसान थेट दिसते, कारण पाणी, नाली आणि दारू हे तिन्ही विषय पहिल्यांदा बायकाच मांडतात.

गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी हजेरी लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, मात्र तिच्यात नवा विषय घेता येत नाही. कमी हजेरीला बहुतेक वेळा पिकाचे वेळापत्रक कारण असते. ऑक्टोबरात सोयाबीनची सवंगणी म्हणजे कापणी असते, जानेवारीत कापसाची वेचाई, आणि मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांकडे गेला की सभामंडपात कोण बसणार? संध्याकाळी सात वाजता घेतलेली सभा भरते, सकाळच्या झेंडावंदनाला जोडलेली बहुधा पांगते.

ठरावाची भाषा

ठराव प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, कसा लिहिला गेला यावर कामाचे पुढचे सगळे ठरते. “वॉर्ड क्र. ३ मध्ये रस्ता व नाली करण्यात यावी, सर्वानुमते मंजूर” हा ठराव गावोगावी सापडतो आणि पंचायत समितीच्या कपाटात तसाच पडून राहतो. त्यावरून शाखा अभियंत्याला अंदाजपत्रक करता येत नाही, कारण काम कुठून कुठपर्यंत हेच कळत नाही. उपयोगी ठराव असा असतो: “वॉर्ड क्र. ३ मधील समाजमंदिर ते सार्वजनिक विहीर, लांबी १२० मीटर, सिमेंट रस्ता. दक्षिण बाजूस झाकणासह नाली, नालीचा शेवट गावनाल्यात. रस्ता अबंधित निधीतून, नाली स्वच्छतेच्या बंधित निधीतून. नालीची सफाई ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराकडून आठवड्यातून एकदा.” (बंधित म्हणजे ठरवून दिलेल्या कामालाच वापरायचा निधी, अबंधित म्हणजे तशी अट नसलेला.) जागा, माप, निधी आणि देखभाल या चारांपैकी एक जरी सुटले तरी काम तिथेच अडते. सूचक-अनुमोदकाची नावे, विरोध असल्यास विरोधकाचे म्हणणे आणि मतांची संख्या हेही लिहावे. सभा संपण्याच्या आत ठराव वाचून दाखवावा आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारावी. रिकाम्या पानावर हजेरीच्या सह्या घेऊन मजकूर मागाहून भरण्याची पद्धत अनेक भांडणांचे मूळ आहे. उपाय साधा आहे: सही करणाऱ्याने पान रिकामे असेल तर सही करू नये.

पैसा कुठून येतो

ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्यकर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. दुसरा मोठा स्रोत वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१–२६ या काळात निधीचा ६० टक्के भाग बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. ४० टक्के अबंधित. राज्यात या निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला अशी वाटणी झाली. बंधित पैसा स्वागत कमानीला किंवा सभागृहाच्या फरशीला वापरता येत नाही, तरी असे ठराव होत राहतात आणि आक्षेप लेखापरीक्षणात निघतो.

कोणत्या वर्षी कोणते काम हे ग्रामपंचायत विकास आराखड्यात ठरते आणि तो आराखडा ग्रामसभेनेच मंजूर करायचा असतो. आराखड्यात नसलेले काम मध्येच घुसवायचे तर पुन्हा ग्रामसभेपुढे यावे लागते. आराखडा बनतो त्या सभेला जे हजर नसतात, त्यांचे म्हणणे पुढे वर्षभर कुणी ऐकत नाही.

पाणी

नळयोजनेवर जितका वेळ जातो तितका दुसऱ्या कशावर जात नाही, आणि तो जायलाच हवा. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर हे माप धरले आहे. २,००० वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. दोन वेळा भरायची तर टाकी निदान ५५ हजार लिटरची हवी. टाकी पुरेशी असून शेवटच्या गल्लीत पाणी पोचत नसेल तर दोन कारणे आधी पाहावीत. गावाचे भाग पाडून व्हॉल्व्ह बसवले नसतील, तर उताराकडची घरे सगळे पाणी ओढतात. नाहीतर नळाला थेट टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढणारे छोटे विजेचे पंप, लावलेले असतात. टिल्लू जप्त करण्याचा ठराव दर उन्हाळ्यात होतो. तो पाळला जातो जिथे पाणी सोडण्याच्या वेळी त्या गल्लीची वीज अर्धा तास बंद ठेवायला लोक तयार होतात.

वीजबिल ही दुसरी दुखरी नस. ५ एचपीचा पंप सुमारे ३.७ किलोवॅटचा. आठ तास चालला तर दिवसाला तीस युनिट, महिन्याला नऊशे. पाणीपट्टीची वसुली निम्मी झाली की थकबाकी साचते, जोडणी तोडली जाते, आणि जे नियमित भरतात त्यांचाही नळ कोरडा पडतो. म्हणून पाणीपट्टीचा दर ठरवताना वीजबिल, जलसुरक्षकाचे मानधन, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणि पंप-दुरुस्तीची बेरीज सभेपुढे मांडावी आणि घरांच्या संख्येने भागावी. आकडा समोर असला की दरवाढीवरचे भांडण निम्मे कमी होते.

शुद्धीकरणात चूक छोटी असते, परिणाम मोठा. टीसीएल पावडरचे प्रमाण १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर सरळ टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे आणि अर्धा तास थांबून मग पुरवठा सुरू करायचा. पाण्यातले क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी टाकीजवळ नव्हे तर शेवटच्या नळावर घ्यायची. तिथे पिवळा रंग आला तरच क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. पावडर ओलसर खोलीत उघडी राहिली तर तिच्यातले क्लोरीन उडून जाते आणि मग प्रमाण बरोबर असूनही पाणी दूषित राहते. पावसाळ्यापूर्वी गोणीवरची तारीख पाहायला कुणाला तरी नावानिशी नेमावे.

टीसीएल नायट्रेट काढत नाही, पाणी उकळूनही ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकिरडे, शौचालयाचे खड्डे आणि युरिया दिलेली शेते विहिरीला खेटून असतील तर ते वाढते. संत्रापट्ट्यात त्रास वेगळा: बागांसाठी बोअर खोल खोल जातात आणि गावविहीर आटते. सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घेण्यावर कायद्याचे बंधन आहे. मात्र तक्रार कुणी करत नाही, कारण बोअर घेणारा गावातलाच असतो. ग्रामसभेने व्यक्तीचे नाव न घेता स्रोताचा गट क्रमांक आणि ५०० मीटरची हद्द नकाशावर मंजूर करून ठेवली तर कुणाशी वैर न घेता बंधन लागू करता येते. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून असा तीन तिमाहींत मांडला जातो. खासगी विहीर गावासाठी घेण्याचा, म्हणजे अधिग्रहणाचा प्रस्ताव एप्रिलात हंडे रिकामे झाल्यावर नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी जायला हवा.

पांदण आणि नाली

काळ्या मातीत पांदण, म्हणजे वावरात जाणारी वाट, पावसाळ्यात बंद होते आणि संत्रा, भाजी, खत सारे वावरातच अडकते. मुरूम टाकूनही पहिल्याच पावसात रस्ता गेला, असे झाले की मुरमाला दोष दिला जातो. खरे कारण बहुधा पाण्याला वाट नसणे हे असते. ही माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर सरळ टाकलेला मुरूम चिखलात बुडतो. आधी दोन्ही बाजूंना नाल्या खोदायच्या, निघालेली माती मध्यभागी टाकून दाबायची, मधला भाग उंच ठेवायचा, ओढा ओलांडायच्या जागी सिमेंटचे पाइप टाकायचे आणि मग खडी-मुरमाचे थर रोलरने दाबायचे. हे काम उन्हाळ्यातच होते.

त्याआधी मोजणी. पांदण गाव नकाशात असते, जमिनीवर ती दोन्हीकडच्या धुऱ्यांनी (शेताच्या बांधांनी) खाल्लेली असते. समजुतीने सुटली तर उत्तम. नाहीतर वहिवाटीतला अडथळा काढण्यासाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली आणि बांधावरून नव्या रस्त्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. हे दोन अर्ज निराळे आहेत आणि एकाच्या जागी दुसरा दिला की वर्ष वाया जाते.

सांडपाण्यासाठी एक घनमीटरचा शोषखड्डा सगळीकडे सुचवला जातो. मुरमाड जमिनीत तो चालतो, काळ्या मातीत काही महिन्यांत तुंबतो. तिथे परसबाग किंवा गावाबाहेर एकत्र शोषचर हाच मार्ग बरा. सिमेंट रस्त्याच्या आधी नळाची पाइपलाइन टाकून घ्यावी, नाहीतर तोच रस्ता पुढच्या वर्षी फुटतो. रस्ता ओतल्यावर दोन आठवडे तराई झाली, म्हणजे पाणी मारले गेले की नाही हे पाहणे मात्र गावाच्याच हातात आहे.

जमीन: झुडपी जंगल, निस्तार, तलाव

घरकुल, स्मशानभूमी, अंगणवाडी किंवा पाण्याची टाकी मंजूर होते आणि जागेच्या सातबाऱ्यावर “झुडपी जंगल” निघते, हा पूर्व विदर्भाचा खास पेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमीनच असल्याचे सांगितले आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप होऊन वापरात आलेल्या जागांसाठी नियमित करण्याची वाट ठेवली. त्यानंतरच्या वापराला वन (संवर्धन) अधिनियमाखालची परवानगी लागते. म्हणून जागेचा ठराव करण्याआधी सातबारा, वाटपाचा आदेश आणि त्याची तारीख सभेपुढे ठेवावी. भूमिपूजन आधी आणि सातबारा नंतर, या क्रमाने गेलेली कामे पायातच थांबली आहेत.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ साली संपली, पण तिच्या काळातले निस्तार हक्क, म्हणजे चराई, जळाऊ लाकूड, माती, तलावाचे पाणी, निस्तारपत्रकात नोंदलेले आहेत. गावाने त्याची नक्कल तहसीलमधून आणून ठेवावी. गायरान आणि गुरांच्या वाटेचा वाद तिच्यामुळे लवकर मिटतो. माजी मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीत गाळ काढण्यावर सारा भर असतो. गाळ काढताना पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) पायथ्याजवळ खोदले तर पाळ झिरपते, आणि सांडव्यावरचे अतिक्रमण तसेच ठेवले तर वाढलेले पाणी पाळीवरून जाते. गाळ कुणाच्या वावरात किती ट्रॉली जाणार याची यादी सभेतच व्हावी.

रामटेक-पारशिवनीकडच्या गावांना वनहक्क कायदा, २००६ खाली जंगलावरच्या हक्काचे सामूहिक दावे करता येतात. नागपूर जिल्हा पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) क्षेत्रात नाही, वनहक्क कायदा मात्र लागू आहे. या दोहोंची गल्लत करून दावेच न केलेली गावे आहेत. वनहक्काच्या ग्रामसभेची गणपूर्ती वेगळी: निम्मे सदस्य आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला.

कोळसा व मँगनीजच्या पट्ट्यातील गावांनी धूळ, सुरुंगाचे हादरे आणि आटलेल्या विहिरी यांची घरनिहाय यादी ग्रामसभेतून मंजूर करून ठेवावी. खाणींची झळ बसलेल्या गावांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीची मागणी तिच्यावर उभी राहते.

घरकुल आणि दारू

घरकुलाच्या यादीचे वाचन हा सर्वांत तापणारा विषय. यादीतला क्रम ग्रामसभा तपासते. अपात्र नाव काढायचे तर कारण लिहावे लागते, नुसता आरडाओरडा नोंदीत येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, जागा नसलेल्यांसाठी जागा खरेदीची वेगळी मदत आहे. ज्याच्याकडे जागा नाही त्याचे नाव मागे ढकलू नये, त्याच्या जागेचा विषय त्याच सभेत घ्यावा.

दारूदुकान बंद करण्यासाठी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो आणि मग गुप्त मतदान होते. बाटली आडवी, म्हणजे दुकान बंद व्हायचे तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते लागतात, हजर महिलांच्या नव्हे. सवंगणीच्या आठवड्यात लावलेले मतदान म्हणूनच हरते.

ठरावानंतर

ठरावाची नक्कल ग्रामपंचायतीकडून मागून घ्यावी. त्यानंतरचा प्रवास अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक असा असतो. पुढच्या सभेत पहिला विषय मागील ठरावांची अंमलबजावणी हाच असतो. तिथे “काम प्रगतीत आहे” हे उत्तर मान्य करू नये. वरीलपैकी कोणत्या टप्प्यावर, कोणत्या तारखेपासून आणि कोणाच्या टेबलावर ते विचारावे. मोजमाप पुस्तिकेतील लांबी-रुंदी-जाडी गावातील दोन माणसांनी टेप लावून पडताळावी. सिमेंट रस्त्याची जाडी कडेला मोजता येते, त्यासाठी अभियंता लागत नाही. ठरावाची अंमलबजावणी होत नसेल तर आधी गटविकास अधिकाऱ्याकडे आणि मग जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तक्रारीला ठरावाचा क्रमांक, दिनांक आणि नक्कल जोडावी.