आईची दुसरी ड्युटी

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्यात आई दोन गोष्टींना गोल करते, एकादशीला निळ्या पेनाने आणि शनिवारला लाल पेनाने. शनिवारी तिची मेथोट्रेक्सेटची गोळी असते. संधिवाताची, आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल इतकी जहाल. रविवारी फॉलिक अ‍ॅसिड. आणि ज्या शनिवारी एकादशी येते त्या दिवशी सकाळपासून तिचं मनातल्या मनात गणित चालू असतं, कारण उपास म्हणजे साबुदाणा, साबुदाणा म्हणजे शुगर, आणि पोटात नीट काही नसताना ती गोळी घेतली की हिला दिवसभर मळमळतं.

आईला डायबेटिस होऊन १७ वर्षं झाली, बीपी त्याच्या आगेमागेच, आणि ६ वर्षांपूर्वी संधिवात. म्हणजे गुडघे झिजतात तो नाही, रूमेटॉइड, ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. सकाळी तास-दीड तास तिची बोटं मिटत नाहीत. गोळीच्या पाकिटातून गोळी बाहेर काढायलाही चमच्याची मागची बाजू लागते, ती पाकीट ओट्यावर पालथं घालते आणि चमच्याने दाबते, टक्, मग गोळी उडून कुठेतरी डब्याखाली जाते आणि मी ऐरोलीला जायच्या घाईत असताना आम्ही दोघी ओट्याखाली वाकून गोळी शोधत असतो.

तर मागे एकदा तपासणीला गेलो होतो, कुठे ते जाऊ दे, तिथे आमचा नंबर यायला दोन तास लागले आणि आत सात मिनिटं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, काकू, शुगर वाढलीये, चालणं वाढवा, जेवणाची डायरी ठेवा, पाय रोज तपासा. आई हो हो म्हणाली. वर्तकनगरला परत येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "सगळं करते गं मी, पण मग दिवस संपतो."

मला आधी वाटलं हे नेहमीचं कुरकुरणं. मग सहज वाचायला घेतलं तर कळलं की ह्या वाक्यावर लोकांनी युनिव्हर्सिट्यांमध्ये वर्षानुवर्षं काम केलंय.

२००५ साली अमेरिकेतल्या रटगर्स युनिव्हर्सिटीच्या लुईस रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला, की डायबेटिसच्या पेशंटला आपण जे जे करायला सांगतो ते सगळं खरंच करायचं ठरवलं तर दिवसाचा किती वेळ लागेल? पेशंटना डायबेटिस सांभाळायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांना बसवून त्यांनी एकेका कामाची मिनिटं मोजली. रक्त तपासणं, पाय बघणं, व्यायाम, काय खायचं ते ठरवणं, त्याची खरेदी, ते शिजवणं. उत्तर आलं रोजचे दोन तासांपेक्षा जास्त. आणि हे नुसत्या गोळ्यांवर असलेल्या, आजाराला सरावलेल्या माणसाचं. नवा पेशंट असेल किंवा हातपाय नीट चालत नसतील तर आणखी.

दोन तास! रोज! ठाण्यातून रोज सीएसएमटीला जाऊन-येऊन लोकलमध्ये जेवढा वेळ जातो तेवढा, फक्त इथे पगार नाही आणि रविवारही नाही.

खरं तर ह्याच्याही वीस वर्षं आधी, १९८५ मध्ये, ज्युलिएट कॉर्बिन आणि अँसेल्म स्ट्रॉस ह्या कॅलिफोर्नियातल्या दोघांनी घराघरात जाऊन जुनाट आजार असलेल्या माणसांशी आणि त्यांच्या नवरा-बायकोशी बोलून लिहिलं होतं की आजारपण हे 'काम' आहे, आणि ते तीन प्रकारचं असतं. एक आजाराचं काम, म्हणजे गोळ्या, तपासण्या, डॉक्टर. दुसरं रोजचं काम, कारण आजार आला म्हणून भांडी कोणी घासून देत नाही. ही दोन चटकन कळतात. तिसऱ्याला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ साधारण 'आपल्या आयुष्याच्या गोष्टीवर करायचं काम' असा होईल, आणि ते मला दोन वेळा वाचूनही नीट कळलं नव्हतं. गणपतीत कळलं.

आमच्या घरी उकडीचे मोदक आई करते. करायची. तिच्या मोदकाला १९-२१ कळ्या असायच्या, इतक्या बारीक की सोसायटीतल्या बायका बघायला यायच्या, आणि सासरी तिची पहिली ओळखच ती होती, 'मोदकवाली वहिनी'. कळी पाडायला अंगठा आणि पहिली दोन बोटं लागतात, त्यात हलका दाब आणि लगेच सोडायचं, आणि संधिवात नेमका तिथेच बसतो, बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरात. परवाच्या वर्षी तिने पहिली पारी हातात घेतली, चार कळ्या पाडल्या, पाचवीला पारी फाटली. तिने ती पारी परत उकडीत मळून टाकली आणि दुसरी घेतली. तीही फाटली. मग काहीच न बोलता माळ्यावरून प्लॅस्टिकचा साचा काढायला सांगितला. मोदक चवीला तेच होते. पण त्या दुपारी ती जे काही करत होती ना, हात पुसत, साच्याला तूप लावत, 'बरं झालं बाई, पटापट होतात' असं दोनदा म्हणत, ते तिसरं काम. मोदकवाली वहिनी आता मोदक वळत नाही तर मग ती कोण, हे बसवून घेण्याचं काम. १९८२ मध्ये मायकल बरी ह्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने रूमेटॉइडच्याच पेशंटशी बोलून हे मांडलं होतं, की असा आजार नुसता सांध्यात येत नाही, माणसाने पुढचं आयुष्य जे गृहीत धरलेलं असतं तेच मधोमध तोडतो.

आता कोणी म्हणेल, एवढं काम आहे तर करायचं कशाला. तर करायचं, कारण त्याचा उपयोग होतो, आणि तेही संशोधनानेच दाखवलंय. मुळात जुनाट आजार ही चैन शंभर वर्षांपूर्वी सगळ्यांच्या नशिबी नव्हतीच. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, टोरंटो युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेतून आलेलं. त्याच्या आधी त्याच्यासारख्या डायबेटिसच्या मुलांना उपाशी ठेवून जमतील तेवढे महिने काढायचे एवढाच उपाय होता. लेनर्ड पुढे १३ वर्षं जगला. म्हणजे आजार बरा झाला नाही पण माणूस राहिला, आणि त्या दिवसापासून ही नोकरी निघाली म्हणायची.

नंतर ऑक्सफर्डने १९७७ पासून २० वर्षं टाइप २ डायबेटिसच्या ५,१०२ नव्या पेशंटवर अभ्यास केला. ज्यांची शुगर जास्त काटेकोर ठेवली त्यांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारा टक्क्यांतला आकडा, सरासरी ७ आणि बाकीच्यांचं ७.९, म्हणजे फरक एकाचाही नाही, पण डोळे, किडनी वगैरेंच्या बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान पाव हिश्शाने कमी झालं. आणि अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांची शुगर सारखी झाली तरी आधी सांभाळलं त्यांना पुढची दहा वर्षं फायदा मिळत राहिला.

ह्या एचबीएवनसीचं एक गमतीशीर आहे. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटलीये ते मोजलं की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पण ह्या सरासरीत शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. त्यामुळे आमच्या आईसारखे लोक तपासणीच्या आधी महिनाभर आंबा बंद, भात बंद, उपवन तलावाला तीन-तीन फेऱ्या असा अभ्यास करतात, त्याला थोडे मार्क मिळतातच. आणि फास्टिंग-पीपीची मजा तर वेगळीच, सकाळी उपाशी जाऊन रक्त द्या, मग खा, आणि खायला लागल्यापासून बरोब्बर दोन तासांनी परत हजर. लॅब घरापासून लांब असेल तर पेशंट डब्यातल्या दोन इडल्या खाऊन तिथल्याच बाकावर घड्याळ बघत बसतो. रिपोर्टवर दोन आकडे येतात, ती सकाळ येत नाही.

नेमकं हेच कार्ल मे, व्हिक्टर मोंटोरी आणि फ्रान्सेस मेअर ह्या तिघांनी २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. आजाराचं ओझं असतं तसं उपचाराचंही ओझं असतं, आणि प्रत्येक डॉक्टर आपापलं एकेक काम वाढवत जातो. डायबेटिसवाले चालायला सांगतात, संधिवातवाले सांध्यांना जपा म्हणतात, डोळ्यांचे डॉक्टर वेगळ्या दिवशी बोलावतात, आणि हे सगळं ज्या एका माणसावर येऊन पडतं त्याच्या अंगात ते करायची ताकद आहे का हे कोणी बघत नाही. मग माणूस एखादी गोष्ट सोडतो आणि फाइलवर शेरा पडतो की पेशंट ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालाप्रमाणे श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजारांची औषधं सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच आहेत. निम्मं जग आळशी आहे असं समजायचं का मग? ह्या तिघांचं म्हणणं असं की उपचारच असे आखा की जगण्यात कमीत कमी मोडतोड होईल. मला हे इतकं पटलं की आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं, त्यावर मामाने कारल्याच्या रसाचा व्हिडिओ पाठवला. म्हणजे अजून एक काम.

दुसरं एक संशोधन आहे ते जरा उलटं आहे आणि मला सगळ्यात आवडलेलं. स्टॅनफर्डच्या केट लोरिग ह्यांनी संधिवाताच्या पेशंटसाठी वर्ग सुरू केले, शिकवणारे डॉक्टर नाहीत, बरेचसे स्वतःच संधिवात असलेले साधे लोक. चार वर्षांनी बघितलं तर वर्गाला आलेल्यांच्या वेदना सरासरी २० टक्क्यांनी कमी झालेल्या, डॉक्टरांकडच्या फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी, आणि गंमत म्हणजे त्याच काळात त्यांचं शारीरिक अपंगत्व ९ टक्क्यांनी वाढलेलं. हात जास्त वाकडे आणि दुखणं कमी! आधी त्यांना वाटलं व्यायामाचा परिणाम असणार, पण तपासलं तर कोण किती व्यायाम करतो आणि कोणाचं किती दुखतं ह्याचा मेळ नीट बसेना. मेळ बसला तो 'हे मला जमेल' ह्या भरवशाशी. ज्यांना वाटायला लागलं की ह्या दुखण्याचं आपण काहीतरी करू शकतो, त्यांना बरं वाटलं.

हे वाचून लगेच 'पॉझिटिव्ह राहा' वाले फॉरवर्ड करू नका, कारण इंग्लंडने हाच प्रकार सरकारी पातळीवर केला आणि ६२९ पेशंटवर नीट तपासला तेव्हा, २००७ मध्ये, भरवसा वाढला, अंगात जरा उत्साह आला, पण दवाखान्याच्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. सरकारला पैसे वाचवायचे होते, ते वाचले नसावेत.

आपल्याकडचंही एक सांगते. भारतात आज १० कोटींवर लोकांना डायबेटिस आहे, हा आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीचा आकडा, आणि त्यातल्या ज्यांना डिप्रेशनही असतं त्यांची शुगर आणखीच हाताबाहेर जाते. त्यावर चेन्नईचं मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन, दिल्लीचं एम्स आणि अमेरिकेतली एमरी युनिव्हर्सिटी वगैरेंनी मिळून ४०४ पेशंटवर प्रयोग केला. अर्ध्या लोकांना एक समन्वयक दिला, डॉक्टर नाही, फोन करून विचारपूस करणारा, मन आणि शुगर दोन्हीकडे लक्ष ठेवणारा माणूस. दोन वर्षांनी मनाला आराम पडून शिवाय शुगर, बीपी किंवा कोलेस्टेरॉल ह्यातलं काहीतरी सुधारलं असे ७१.६ टक्के निघाले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५७.४. त्याच्या पाठीशी तज्ज्ञ डॉक्टर होते, पण फोन करणारा तो एक माणूस.

तर मी काय केलं, एका रविवारी वही घेऊन आईच्या मागे मागे फिरले आणि तिची मिनिटं लिहिली. गोळ्या काढणं आणि शोधणं १५. बोटाला टोचून शुगर बघणं, लिहिणं १०. गरम पाण्यात हात धरून बसणं २५. आपल्यासाठी वेगळी भाकरी, बिनसाखरेचा चहा, चालणं, पाय पुसून बघणं, केमिस्टला फोन, अपॉइंटमेंटला फोन. बेरीज ३ तास १० मिनिटं. पुढच्या तपासणीला तो कागद घेऊन गेलो, ह्या वेळी दुसरीकडे, एका बाई डॉक्टरांकडे. बाहेर बसलो असताना आईने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि वाकड्या बोटांनी खाली एक ओळ वाढवली.

डॉक्टरबाईंनी कागद पूर्ण वाचला, मला तेवढ्यानेच बरं वाटलं. बीपीच्या दोन गोळ्यांची मिळून एक केली. शुगर रोज बघायची गरज नाही, काकू, आठवड्यातून दोनदा पुरे, असं म्हणाल्या, आणि कारणही सांगितलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

तिथे लिहिलं होतं: विचारणाऱ्यांना 'बरी आहे' सांगणे, २० मिनिटे.

"मी," आई म्हणाली. "ते काही कमी करता येतंय का बघा."