बर्गेनला निघण्याआधी: आमच्या प्रवाशांसाठी थोडं

बुकिंग झालं की पहिला फोन हमखास पावसाबद्दल येतो. म्हणून तेच आधी. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गेनला वर्षाकाठी २,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे जवळपास मुंबईइतकाच. मुंबई तो चार महिन्यांत उरकते, बर्गेन मात्र बारा महिने पुरवतं. समुद्रावरचे ढग शहराभोवतीच्या डोंगरांना अडतात आणि रिपरिप सुरू होते. छत्री आणू नका, वाऱ्याने उलटते. टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट हवेतच.

याच कारणासाठी आम्ही फ्लॉयेन डोंगराची वेळ आधी ठरवत नाही. सप्तशृंगी गडावर आहे तशी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी, इथे १९१८पासून चालते आणि काही मिनिटांत ३२० मीटर उंचीवर नेते. ढग फाटले की निघायचं, मग हातातला कॉफीचा कप अर्धा राहिला तरी चालेल.

बंदरावरची ब्रुग्गेनची लाकडी घरं फोटोपुरती पाहून परत फिरू नका, मधल्या बोळांत शिरा. साधारण १३६०पासून हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची इथे पेढी होती. उत्तरेकडून सुकवलेला कॉड मासा यायचा, बदल्यात धान्य जायचं. हा मासा मीठ न लावता थंड वाऱ्यावर वाळवतात; वेसाव्याचे सुके बोंबील आठवतील. लाकडी वस्तीत आगीची धास्ती इतकी, की हिवाळ्यातही घरात शेकोटी पेटवायला बंदी होती. ऊब आणि गरम जेवण हवं तर मागच्या वेगळ्या सभागृहांत जावं लागे. तरीही १७०२ साली सगळं जळालंच. आजची घरं त्यानंतर जुन्याच धर्तीवर बांधलेली आहेत. १९७९पासून ब्रुग्गेन जागतिक वारसा यादीत आहे.

फ्योर्डसाठी, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीसाठी, एक अख्खा दिवस ठेवलाय. बर्गेनहून रेल्वेने म्युरदाल, तिथून फ्लोमची गाडी. वीस किलोमीटरांत ती साडेआठशे मीटरहून जास्त उतरते. वाटेत धबधब्यापाशी थांबते तेव्हा कॅमेऱ्याची काच पुसायला रुमाल हाताशी असू द्या. फ्लोमहून बोटीने नॅरॉयफ्योर्डमधून गुडवांगेन. एके ठिकाणी फ्योर्ड जेमतेम २५० मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. कितीही गारठा असला तरी या टप्प्यात डेकवरच उभे राहा. पुढे बसने व्हॉस आणि रेल्वेने परत. दिवस लांबतो, पण जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन व्हिसा चालतो. चलन मात्र क्रोन, युरो नाही. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. नळाचं पाणी बेलाशक प्या, बाटलीवर पैसे घालवू नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि शाकाहारी जेवण महाग पडतं, तेव्हा शनिवारीच ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा. दशम्या आणि कोरडी चटणी घरून आणलीत तर बोटीवर आमच्यासाठीही एक राखून ठेवा.