24 व्होल्टच्या गाडीत 12 व्होल्टचा टेप जोडण्याआधी

कापूस-संत्र्याच्या गाड्या पळू लागल्या की दुकानात तीच तक्रार येते. "भाऊ, नवी बॅटरी एवढ्यात बसली. अल्टरनेटर पाहून द्या." बहुतेक वेळा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, ठणठणीत असतो. टेपची वायर मात्र दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावर लावलेली सापडते.

ट्रक-टिप्परमध्ये 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला, जोडून 24 व्होल्ट करतात, हे ड्रायव्हर मंडळींना सांगायला नको. फायदा असा की 48 वॅटचा बल्ब 12 वर 4 अँपिअर ओढतो, 24 वर 2 च. करंट निम्मा झाला की त्याच वायरमध्ये गरम होऊन वाया जाणारी वीज पाव हिश्श्यावर येते. जुन्या 6 व्होल्टच्या राजदूतनंतर दुचाक्या 12 वर आल्या आणि आता काही नव्या गाड्यांत 48 व्होल्ट येतंय, त्यामागेही हेच गणित.

आता मधल्या जोडाचं. टेप, पंखा, मोबाईल चार्जर, सगळं बॉडीला अर्थ असलेल्या एकाच बॅटरीवर चालतं. अल्टरनेटर मात्र दोन्हींची मिळून बेरीज पाहतो. गाडी चालू ठेवून मीटर लावला तर एकूण 28 व्होल्ट, म्हणजे सगळं बरोबर. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली की खरं कळतं: टेपवालीवर 13 च्या आत, दुसरीवर 15 च्या वर. पहिली कायम अर्धपोटी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेट चढतो. दुसरीचं पाणी उकळून उडतं, झाकणाभोवती ओल येते, टर्मिनलवर पांढरा थर बसतो. वर मे महिन्याचं आपलं ऊन आहेच! मग एकच नवी बॅटरी घेतली जाते, जुनीच्या जोडीला लागते आणि तीही बसते.

"पण टेप तर मस्त वाजतो!" वाजणारच राजेहो, मार बॅटरीला बसतो, टेपला नाही.

उपाय 24 ते 12 चा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवरून वीज घेतो, म्हणून भार सारखा पडतो. बॅटरीजवळ फ्यूज आम्ही टाकतोच. मधून वायर मारून देणारे रस्त्यात भेटतील, स्वस्तातही करतील. आम्ही ते काम घेत नाही, आणि त्यावरून काही गिऱ्हाईक रागावून गेलेत. पण कन्व्हर्टरचा खर्च एकदाच होतो, मोठ्या गाडीची बॅटरी मात्र दरवेळी जड जाते.

एलईडी बार किंवा चार्जरवर 12-24 व्होल्ट छापलेलं असेल तर कन्व्हर्टर नको, उगाच घेऊ नका. 12 व्होल्टचा ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही म्हणून ट्रकच्या दोन्ही बॅटऱ्यांवरून 24 देऊ नका, बल्ब-मीटर जळतात. विहिरीचं पाणी बॅटरीत नको. खारपाणपट्ट्यातल्यांना तर काय सांगावं. डिस्टिल्ड वॉटर दुकानात मिळतं.

तपासणीसाठी गाडी संध्याकाळी सोडावी. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्ज करून, रात्रभर ठेवून सकाळी मोजतो. घाईत मोजलेला व्होल्ट फसवतो. येताना टेप-अँप्लिफायरचं खोकं सोबत आणा, किती अँपिअरचा कन्व्हर्टर लागेल ते त्यावरून ठरतं.